वाचून न दाखवलेला निबंध

“ओळ दाखव.”

सर एवढंच म्हणायचे आणि उजव्या हाताचा तळवा पुस्तक उघडल्यासारखा पुढे करायचे. धड्यातली आई रागीट आहे असं एखादीनं सांगितलं की लगेच, “कुठे म्हटलंय? ओळ दाखव.” कवीला गावाची आठवण येते असं कुणी म्हटलं की, “तुला येत असेल. कवीला येते कशावरून? ओळ दाखव.” पोरं घाईघाईनं पानं उलटायची. सर मात्र खिडकीबाहेर बघत शांत उभे. सापडली नाही तर म्हणायचे, “उद्या दाखव.” आणि दुसऱ्या दिवशी ते विसरलेले नसायचे.

परळच्या आमच्या शाळेत हे दोन शब्द इतके मुरले होते की शिक्षकांच्या खोलीत कुणी “आज म्हणे लवकर सोडणार” अशी बातमी आणली की आम्ही सगळे एका सुरात विचारायचो, “ओळ दाखव!” शिपाई तर हेडमास्तरांच्या केबिनमधून येताना कागद वर धरूनच यायचा.

तुमच्याही शाळेत असे एक सर असतीलच. ज्यांचं नाव निघालं की पन्नाशीतली माणसंही नकळत सरळ बसतात.

मी तिथे मराठी शिकवायला लागले तेव्हा सर मराठी विभागाचे प्रमुख होते. मी शीव कोळीवाड्यातली. आई दादरच्या बाजारात मासळी विकायची, आणि घरात कॉलेजचं तोंड पाहिलेली मी पहिलीच. सर गिरगावातले. घराणं मुंबईतलं जुनं. आजोबा सरकारी कचेरीत हेडक्लार्क, एके काळी एक अख्खी वाडी मालकीची. सरांच्या वाट्याला त्यातल्या दोन खोल्या आणि खणखणीत मराठी आलं होतं. मला त्या मराठीची धास्ती वाटायची. पहिल्याच आठवड्यात वर्गात माझ्या तोंडून निघालं, “वह्या काढल्या नाय अजून?” आणि मी पाहिलं तर सर व्हरांड्यात उभे.

मधल्या सुट्टीत त्यांनी मला जिन्यापाशी गाठलं. आजूबाजूला कुणी नाही याची खात्री करून घेतली. म्हणाले, “बाई, तुमचं ‘नाय’ कानाला गोड लागतं. पण मुलं ते परीक्षेत लिहितील आणि मार्क त्यांचे जातील. तेवढं बघा.”

पुढे मी पाहिलं, की ते कुणाचीच चूक चारचौघांत काढत नसत. वर्गात “ओळ दाखव” म्हणताना आवाज कधी चढायचा नाही. एखाद्या मुलाच्या डोळ्यांत पाणी दिसलं की ते फळ्याकडे वळून उगाच तारीख पुसून पुन्हा लिहायचे. मला वाटायचं, हे त्या जुन्या घराण्याचे संस्कार. त्यामागे दुसरंच काही होतं, हे कळायला फार वर्षं लागली.

माशाचे मात्र वेडे. शनिवारी शाळा सुटली की दादरला माझ्या आईसमोर हजर. आई कुणालाच अहो-जाहो करायची नाही. “मास्तर, भाव काय करतंस? पोरांना शिकव, मना नको शिकवू. घे गपचूप.” सोमवारी सर खोलीत येऊन कौतुकानं सांगायचे, “आमच्या बाईंच्या आईनं परवा पुन्हा माझं तोंड बंद केलं. बोंबील मात्र पहिल्या नंबरचे.”

निवृत्तीनंतर सरांचं खरं नाव झालं. दादरच्या एका वाचनालयानं त्यांना तीन दिवसांच्या व्याख्यानांना बोलावलं. विषय त्यांनीच घेतला, ‘मोठी माणसं का पडतात?’ जुन्या नाटकांतले राजे, कादंबऱ्यांतले नायक, आणि मग आपल्या आजूबाजूचे लोक. ज्यांच्या तसबिरी लावल्या आणि नंतर उतरवल्या असे पुढारी, खेळाडू, नट, बाबा-महाराज. सर कुणाची टिंगल करत नसत. म्हणायचे, “माणूस पडतो तेव्हा आवाज होतो म्हणून आपण बघतो. त्याचा तोल मात्र कितीतरी आधी गेलेला असतो, एखाद्या बारीकशा गोष्टीत, जी त्यानं तेव्हाच बोलून टाकायला हवी होती.” तिसऱ्या दिवशी सभागृहात बसायला जागा नव्हती, लोक जिन्यावर उभे.

मग ठिकठिकाणची आमंत्रणं यायला लागली. प्रत्येक व्याख्यानाचा शेवट ठरलेला असायचा. संपाच्या वर्षातली एक गोष्ट. गिरण्या बंद पडल्या होत्या. नववीच्या वर्गात काळाचौकीची एक मुलगी होती, गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, काम करणाऱ्या कामगाराची. तिनं ‘माझे वडील’ हा निबंध असा लिहिला की सरांच्या अंगावर काटा आला. त्यांनी तो सगळ्या वर्गाला वाचून दाखवला, तिला म्हणाले, ‘तू लिहीत राहा.’ पण संप लांबला, तिच्या घरच्यांनी बिऱ्हाड मोडून गाव गाठलं. सर तिला शोधत तिच्या चाळीत गेले तेव्हा दाराला कुलूप होतं. इथे सर थांबायचे. मग म्हणायचे, “पडलेल्या मोठ्या माणसांच्या गोष्टी आपण सांगतो. ज्यांना उभंच राहू दिलं नाही, त्यांच्या कोण सांगणार?”

लोक डोळे पुसत टाळ्या वाजवायचे. मीही वाजवल्या आहेत.

आमच्याच शाळेच्या एका माजी विद्यार्थ्यानं तेवढा भाग मोबाईलवर टिपून इंटरनेटवर टाकला आणि सर घरोघरी पोचले. ज्यांनी आयुष्यात मराठीचं पुस्तक हातात धरलं नव्हतं ते एकमेकांना ‘ओळ दाखव’ म्हणायला लागले. एका साहित्य संस्थेनं जीवनगौरव जाहीर केला. आमच्या शाळेनं सभागृहात सरांचा फोटो लावला आणि निबंधाच्या बक्षिसाला त्यांचं नाव दिलं. तेव्हा मी मुख्याध्यापिका झाले होते. फोटोला हार मीच घातला. सर लाजून म्हणाले, “बाई, फोटोला हार पडायची वेळ माणसावर एकदाच येते, आणि तेव्हा तो बघायला नसतो. तुम्ही दोन्ही साधलंत.”

मग एके दिवशी त्या व्हिडिओखाली एका मुलीनं चार ओळी लिहिल्या. ‘या गोष्टीतली मुलगी माझी आई आहे. सरांनी तिचा निबंध वाचून दाखवला नव्हता. कुठून चोरलास म्हणून तिला तासभर वर्गात उभं केलं होतं. त्या दिवसानंतर ती शाळेत गेली नाही.’

सरांवर प्रेम करणारे त्या मुलीवर तुटून पडले. प्रसिद्धीची हाव, खोटारडी, आणखी इथे लिहिता येणार नाही असं बरंच काही. मीही घरी म्हणाले, “काय लोक असतात!” दोन दिवसांनी नाशिकहून एका बाईंनी लिहिलं, ‘मी त्या वर्गात होते. सुनंदाला उभं केलेलं मला आठवतं.’ एका बातमीदारानं सरांना फोन केला. सर म्हणाले, “असं काही घडलेलं नाही. इतक्या वर्षांनी आठवणींची सरमिसळ होते. त्यांच्याकडे काही लेखी आहे का? असेल तर ओळ दाखवा.”

ते बोलणं मी पुन्हा वाचलं. त्या मुलीकडे दाखवायला काय असणार होतं? ज्या शब्दांनी त्यांनी आम्हाला खरं बोलायला शिकवलं, तेच शब्द ते दारासारखे लावून घेत होते.

संध्याकाळी मी गिरगावात गेले. सरांची बायको जाऊन चार वर्षं झाली होती, मुलगी बंगळूरला. दार त्यांनीच उघडलं. दाढी वाढलेली. मी ठरवून गेले होते, की सरळ विचारायचं. पण चपला काढेपर्यंत तेच म्हणाले, “बाई, मी खोटं बोललो.”

कपाटाच्या खालच्या खणातून त्यांनी एक जाड लिफाफा काढला. आत वहीतून फाडलेली दोन पानं, पिवळी पडलेली. गोल, नेटकं अक्षर. खाली लाल शाईत सरांचा शेरा. मी वाचलं आणि पानं मांडीवर ठेवली.

“तेव्हा मी पंचविशीत होतो,” सर सांगू लागले. “मला वाटायचं, मला सगळं कळतं. गिरणीतल्या माणसाच्या मुलीला असं लिहिता येणार नाही, हे मी ठरवूनच टाकलं होतं. तिला उभं केलं. कुठलं पुस्तक, ओळ दाखव, म्हणून विचारत राहिलो. ती काही बोलली नाही. वर्ग हसला. तास संपल्यावर तिनं ही पानं फाडून माझ्या टेबलावर ठेवली आणि गेली.”

“आणि तुम्ही तिच्या घरी गेला होता, ते?”

“ते खरं आहे. पंधरा दिवसांनी गेलो. वडिलांकडे तक्रार करायला गेलो होतो, बाई. शाबासकी द्यायला नव्हे. दाराला कुलूप होतं. शेजारीण गॅलरीत तांदूळ निवडत होती. ती आपणहून म्हणाली, ‘गावाक गेली सगळी. भाऊंचा आवाज पूर्वी खालच्या नळापर्यंत जायचा, चाळ हलायची. संप झाल्यापासून माणूस इतका हळू बोलायचा की मलाच चुकल्याचुकल्यासारखं व्हायचं.’” सरांनी माझ्या मांडीवरच्या पानांकडे बोट दाखवलं. “निबंधात तेच होतं. मला ओळ सापडली होती, पण शेजारणीच्या तोंडी. मी तसाच जिना उतरलो. गावाचा पत्तासुद्धा विचारायचं सुचलं नाही.”

खाली रस्त्यावर कुणीतरी भाजीवाल्याशी हुज्जत घालत होतं.

“मग व्याख्यानात ते उलटं कसं झालं?” मी विचारलं.

“पहिल्यांदा खरं सांगायचं म्हणूनच तोंड उघडलं होतं. ‘मी तिचा निबंध हातात घेतला आणि’ इथवर आलो, समोर एवढी माणसं. जीभ वळली. म्हणालो, ‘वाचून दाखवला.’ टाळ्या पडल्या. दुसऱ्या वेळेला जीभ अडखळली नाही. आणि बाई, दहाव्या वेळेला मला तो वर्ग दिसायला लागला. मी वाचतोय, ती पहिल्या बाकावर मान खाली घालून हसतेय. खऱ्या प्रसंगापेक्षा तोच जास्त स्पष्ट.”

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघं काळाचौकीला गेलो. व्हिडिओखाली लिहिणाऱ्या त्या मुलीला, प्राजक्ताला, मी रात्रीच निरोप पाठवला होता; तिनंच पत्ता दिला. देताना एवढंच म्हणाली, “आई भेटेल. पण रडारड नको.”

सुनंदाबाईंची पिठाची गिरणी होती. लग्न होऊन त्या पुन्हा याच भागात आल्या होत्या. भुवया, पापण्या, कानाच्या पाळ्या पिठानं पांढऱ्या. तीन-चार बायका डबे घेऊन थांबलेल्या. पट्ट्याच्या घरघराटात सर दारात उभे राहिले. सुनंदाबाईंनी वर पाहिलं.

“ओळखलं,” त्या म्हणाल्या. “मोबाईलमध्ये दिसता त्याहून वाळलात.”

सरांनी खिशातून चष्मा काढला, पुन्हा ठेवला. “सुनंदाबाई, आज इतक्या वर्षांनी तुमच्यासमोर उभं राहताना माझ्या मनात...”

“सर, भाषण नको.” त्यांनी हात वर केला. “ते ऐकलंय मी. पोरीनं चार वेळा लावून दाखवलं. वर्गात निबंध वाचून दाखवला म्हणता ना? मग दाखवा आता वाचून. आहे का तुमच्याकडे?”

सरांनी लिफाफा पुढे केला. सुनंदाबाई क्षणभर त्या पानांकडे बघत राहिल्या. ती अजून आहेत, हे त्यांच्या ध्यानीमनी नसावं. मग त्यांनी मागे वळून बटण बंद केलं. पट्टा सुस्तावत थांबला आणि एकदम सगळं गप्प झालं.

सर वाचू लागले. “माझे वडील. माझे वडील मोठ्याने बोलतात, कारण साच्यांच्या आवाजात त्यांना तशी सवय झाली आहे. नवीन माणसाला वाटते की आमच्या घरी भांडण चालले आहे...”

“मोठ्यानं,” सुनंदाबाई म्हणाल्या. “मागे ऐकू जात नाही.”

“...संप झाल्यापासून बाबा हळू बोलायला लागले आहेत. आई म्हणते, बरे झाले, डोके दुखायचे थांबले. पण बाबा हळू हाक मारतात तेव्हा मला वाटते, आमच्या घरात कोणीतरी पाहुणा राहायला आला आहे. मी मुद्दाम ऐकू आले नाही असे करते, म्हणजे ते पुन्हा ओरडतील...”

रांगेतली एक म्हातारी कुणालाही न सांगता स्वतःशीच म्हणाली, “आमच्या ह्यांचंपण असंच झालेलं.” सरांनी शेवटपर्यंत वाचलं आणि पानं खाली घेतली.

“आणखी एक ओळ राहिली,” सुनंदाबाई म्हणाल्या. “लाल शाईतली.”

सरांनी मान वर केली. मला वाटलं, ते नाही म्हणतील. चष्मा पुसून त्यांनी वाचलं, “हे तुझे लिखाण नाही. कुठून उतरवलेस ते पालकांच्या सहीसह लिहून आण.” मग पानांची घडी घातली. म्हणाले, “चुकलं माझं.”

“हो,” त्या म्हणाल्या. “चुकलं.”

असू दे म्हणाल्या नाहीत. पानं घेऊन त्यांनी बाजूला उभ्या असलेल्या प्राजक्ताच्या हातात दिली. सर चाचरत म्हणाले, “तुम्ही पुन्हा कधी लिहिलंत का? अजूनही...” त्यावर त्या पहिल्यांदा हसल्या. “सर, दुपारच्या आत एवढी दळणं उरकायचीत. लिहिते कसली! तुम्ही एक करा. माझ्या पोरीला लोकांनी काय काय म्हटलंय ते वाचा आणि जे आता बोललात ते तिथे बोला.”

सर बोलले. त्याच माजी विद्यार्थ्याला घरी बोलावून, खुर्चीत बसून, काही न लपवता. “मुलगी खरं बोलते आहे. मी दोनदा खोटं बोललो, एकदा चांगला दिसण्यासाठी आणि एकदा सुटण्यासाठी,” असं त्यांनी सांगितलं.

मला भाबडेपणानं वाटलं होतं, की कबुलीनंतर लोक निवळतील. झालं उलट. नाकारलं तोवर निम्मे लोक त्यांच्या बाजूला होते, कबूल केल्यावर कुणीच उरलं नाही. टाळ्या वाजवणाऱ्यांना आपण फसलो याचा राग जास्त होता. जीवनगौरव मागे घेतला गेला. व्याख्यानांची आमंत्रणं थांबली. त्यांच्या नावानं चित्रं, विनोद, गाणी फिरली. गिरगावात रोज दूध आणताना भेटणारे गृहस्थ समोरच्या फुटपाथवरून जायला लागले. ज्या माजी विद्यार्थ्यानं त्यांना मोठं केलं त्यानंही सगळे व्हिडिओ काढून टाकले.

आमच्या शाळेच्या समितीनं ठराव केला. सभागृहातला फोटो काढायचा, बक्षिसाचं नाव बदलायचं. ठरावावर मुख्याध्यापिकेची सही हवी होती. मी दोन दिवस तो कागद खणात ठेवला आणि तिसऱ्या दिवशी सही केली. तुम्ही असता तर काय केलं असतं, मला माहीत नाही. फोटो मीच गिरगावात नेऊन दिला. दुसऱ्या कुणाच्या हाती पाठवायची हिंमत झाली नाही.

सरांनी तो भिंतीकडे तोंड करून ठेवला. “सही केलीत ते बरं केलंत. नाहीतर बोलणी तुम्हाला बसली असती.” मग चहा टाकला. साखर दोनदा घातली. मी तो मुकाट्यानं प्यायले.

आणि तेव्हापासून एक नवीनच सुरू झालं. दर पंधरा दिवसांनी सर कापडी पिशवीत गहू घेऊन गिरगावहून बसनं काळाचौकीला दळायला जायला लागले. त्यांच्या घराखाली दोन गिरण्या होत्या. एकट्या माणसाला पीठ लागतं किती! मी विचारलं तर म्हणाले, “तिथे रांगेत उभा असतो तेव्हा मला कुणी सर म्हणत नाही, आणि कुणी तोंडही फिरवत नाही. ‘काका, सरका पुढे’ म्हणतात. बरं वाटतं.”

सुनंदाबाईंनी त्यांचा नंबर कधी पुढे घेतला नाही. बसायला स्टूलही दिलं नाही. सुरुवातीला तर बोलायच्याही नाहीत. पुढे पुढे रागावू लागल्या. “गहू निवडून आणत जा. परवा खडा आला, दगड खराब होईल माझा.” सर मला हे सांगताना अगदी तसेच दिसायचे, जसे पूर्वी सोमवारी आईचं बोलणं सांगताना दिसत.

असं दीड-दोन वर्षं चाललं. मग एका सकाळी शेजाऱ्यांचा फोन आला. सर झोपेतच गेले होते. चंदनवाडीच्या स्मशानात आम्ही दहा-बारा जण होतो. त्यांची मुलगी बंगळूरहून दुपारी पोचली. वर्तमानपत्रात दोन ओळींची बातमी आली, त्यातली एक त्या प्रकरणाची होती.

चार दिवसांनी प्राजक्ताचा फोन आला. “सरांची पिशवी इथेच आहे. आई म्हणते, कोणी नेणार आहे का विचार.”

मी शाळा सुटल्यावर गेले. गिरणीत गर्दी नव्हती. सुनंदाबाईंनी पिशवीचं तोंड सुतळीनं बांधून ठेवलं होतं.

“ठेवून गेले, उद्या येतो म्हणाले,” त्या म्हणाल्या. “मी दळलं नव्हतं. आज सकाळी गहू निवडले आणि आता दळले.”

मला राहवलं नाही. “राग गेला का हो तुमचा?”

त्यांनी सुतळीची गाठ ओढून पाहिली. “नाही. का जाईल?” थोड्या वेळानं म्हणाल्या, “पण मागच्या खेपेला दोन दिवस उशीर झाला त्यांना, तर मीच प्राजूला सांगितलं, फोन करून बघ म्हणून.”

मी पिशवी उचलली. शीवला जाणाऱ्या बसमध्ये खिडकीची जागा मिळाली. पिशवी मांडीवर घेतली तर पीठ अजून गरम होतं. भोईवाडा मागे पडेपर्यंत मी ती दोन्ही हातांनी धरून बसले होते.